पट्टी, पॉइंट आणि पान: छपाईची मापं कशी धरायची

एखादं छापील मराठी पुस्तक घ्या आणि कंपासपेटीतली साधी मिलिमीटरची पट्टी घ्या. पानाच्या मधल्या भागातली कुठलीही एक ओळ धरा, तिच्या शिरोरेषेवर पट्टीचा शून्य ठेवा आणि तिथून खाली मोजत दहाव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत या, म्हणजे पहिली धरून अकरा ओळी झाल्या आणि मधली अंतरं बरोब्बर दहा. समजा ५६.५ मिमी आलं. त्याला दहाने भागा, ५.६५ मिमी, आणि त्याला ०.३५२८ ने भागा, १६ येतात. म्हणजे त्या पुस्तकात दोन ओळींमधलं अंतर १६ पॉइंट आहे. दहा अंतरं एकदम का मोजायची तर पट्टी बघताना डोळ्याची अर्ध्या मिलिमीटरची चूक होतेच, ती दहात वाटली गेली की उरत नाही. रोमन मजकुरात हेच माप अक्षरांच्या तळाच्या रेषेवरून घेतात, आपल्याला मात्र शिरोरेषा मिळालीय, ती सरळ आणि ठळक असते, तिच्यावरून मोजणं कितीतरी सोपं जातं.

मुद्दाम इथून सुरुवात केली, कारण पहिल्यांदा पुस्तक किंवा पत्रिका छपाईला देणारे बहुतेक जण अक्षरावरच पट्टी ठेवतात आणि हा फॉन्ट किती पॉइंटचा ते शोधायला जातात, आणि मग १२ पॉइंटचं अक्षर ४.२३ मिमी भरायला हवं होतं ते भरतच नाही म्हणून गोंधळतात. ते भरणारच नाही. पॉइंट साइज हे अक्षराच्या उंचीचं माप नाहीये.

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे. शिशाचे खिळे होते तेव्हा अक्षर एका धातूच्या ठोकळ्यावर उठावात असायचं, आणि पॉइंट साइज म्हणजे त्या ठोकळ्याच्या अंगाची उंची. अक्षर त्या अंगावर वर-खाली जागा सोडून बसलेलं असायचं, कारण वेलांटी, रफार, उकार सगळं त्याच ठोकळ्यात मावायचं असतं. आता ठोकळा गेला पण त्याची चौकट राहिली, फॉन्टच्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षर एका कल्पित चौकोनात आखलेलं असतं, त्या चौकोनाला एम म्हणतात, त्याचे साधारणपणे १००० किंवा २०४८ भाग केलेले असतात आणि तुम्ही १२ पॉइंट निवडता तेव्हा तो चौकोन १२ पॉइंट उंच होतो. त्या चौकोनात ‘क’ किती मोठा काढायचा ते फॉन्ट बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. देवनागरीत वरच्या आणि खालच्या मात्रांना भरपूर जागा ठेवावी लागते, त्यामुळे काही फॉन्टमध्ये मधलं अक्षर बारीक राहतं, काहींमध्ये मात्रा दाबून अक्षर मोठं केलेलं असतं. म्हणून एका फॉन्टचा १२ आणि दुसऱ्याचा १२ शेजारी ठेवले तर एक चष्मा लावून वाचावा लागतो आणि दुसरा पोरांच्या पुस्तकासारखा वाटतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

मग साइज ठरवायचा कसा? छापून. तुमच्याच मजकुरातला एक लांब परिच्छेद घ्या, तो ११, १२ आणि १३ पॉइंटमध्ये लावा, प्रत्येकाखाली साइज लिहा आणि प्रिंट काढा, प्रिंटच्या डायलॉगमध्ये स्केल १०० टक्के किंवा ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ ठेवून. तो कागद वाचायच्या अंतरावर हातात धरून वाचा. स्क्रीनवर ठरवू नका, स्क्रीनवर झूम १०० असला तरी तो खरा १०० असेलच असं नाही, खात्री करायची असेल तर स्क्रीनवर ए४ पान उघडा आणि खरा ए४ कागद काचेला लावून बघा, जुळला तर जुळला.

आता पॉइंट म्हणजे नेमकं किती, तर आजच्या सॉफ्टवेअरमध्ये १ इंच म्हणजे ७२ पॉइंट, म्हणून १ पॉइंट ०.३५२८ मिमी. इतका सरळ हिशोब फार जुना नाहीये. पॅरिसच्या फुर्नियेने १७३७ मध्ये खिळ्यांच्या मापांचं पहिलं पॉइंट-कोष्टक काढलं, त्याआधी प्रत्येक ओतशाळेचा खिळा आपल्या मापाचा, आणि साइजना आकडे नव्हते, नावं होती. मग त्याच शतकाच्या शेवटाकडे फ्रांस्वा-आंब्रुआझ दिदोने पॉइंट फ्रेंच राजाच्या फुटाला बांधला, त्या फ्रेंच इंचाचे ७२ भाग, पण फ्रेंच इंच २७.०७ मिमीचा असल्यामुळे दिदो पॉइंट मोठा निघाला, ०.३७६ मिमी, आणि युरोपात बराच काळ तोच चालला. अमेरिकेत १८८६ मध्ये ओतशाळांच्या संघटनेने वेगळा पॉइंट पक्का केला, ८३ पायका म्हणजे ३५ सेंटिमीटर असा हिशोब धरून, तो येतो साधारण ०.३५१ मिमी, म्हणजे इंचात ७२ च्या जरा वर, साधारण ७२.२७. ब्रिटनने तो १८९८ मध्ये घेतला. आणि मग १९८४ मध्ये अ‍ॅडोबीचं पोस्टस्क्रिप्ट आलं, त्यांनी ते शेपूट कापून टाकलं आणि सरळ ७२ केले. आज आपण वापरतो तो हाच.

याचा आज काय उपयोग असं वाटेल, तर दोन ठिकाणी हमखास लागतो. गणिताचे किंवा विज्ञानाचे पेपर लिहिणारे टेक (TeX) नावाचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यात साधं ‘पीटी’ लिहिलं की ७२.२७ वाला पॉइंट धरला जातो, ७२ वाला हवा असेल तर ‘बीपी’ लिहावं लागतं, बिग पॉइंट. ४८० पॉइंट उंचीच्या मजकुरात यामुळे ०.६ मिमीचा फरक पडतो, दिसायला काहीच नाही पण तळाची एक ओळ पुढच्या पानावर जायला तेवढं पुरतं. दुसरं म्हणजे जुन्या युरोपियन पुस्तकाची हुबेहूब आवृत्ती काढताना. तिथे टीप असते मजकूर अमुक पॉइंटचा, तो दिदो असतो, आणि तेच ४८० पॉइंट तिथे १८० मिमीच्या वर जातात, आपल्या हिशोबाने १६९. तब्बल ११ मिमीचा घोळ. म्हणून जुन्या पुस्तकात लिहिलेला आकडा घेऊ नका, पट्टीने मोजा आणि मिलिमीटरवरून आपल्या पॉइंटमध्ये आणा.

पायका म्हणजे १२ पॉइंट, इंचात ६. दिदोच्या घराण्यात १२ पॉइंटला सिसरो म्हणतात, तो ४.५१ मिमी आणि आपला पायका ४.२३ मिमी, दोन्ही एक समजू नका. पायका कॉलमची रुंदी आणि दोन कॉलममधल्या गाळ्यांसाठी बरा पडतो कारण आकडे लहान राहतात, इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘२६पी६’ असं दिसलं तर घाबरू नका, २६ पायका आणि ६ पॉइंट, म्हणजे ३१८ पॉइंट. वर्तमानपत्राच्या जाहिरातीत अ‍ॅगेट नावाचं माप भेटतं, इंचात १४ ओळी, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

आता एक पुस्तक प्रत्यक्ष मापून बघू, ए५ साइज, १६० पानं, मराठी मजकूर. माझी पद्धत अशी की कागदाचं सगळं मिलिमीटरमध्ये, अक्षरांचं सगळं पॉइंटमध्ये, अक्षरांमधल्या जागा एममध्ये आणि फोटो पिक्सेलमध्ये, आणि या चौघांची गाठ जिथे पडते तिथे हिशोब कागदावर लिहून ठेवायचा. सगळं एकाच एककात आणायचा हट्ट केला की आकडे असे विचित्र होतात की चूक झाली तरी कळत नाही. ४१९.५३ पॉइंट रुंद पान म्हटलं तर कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही, १४८ मिमी म्हटलं की लगेच येतं.

कागद आधी. ए मालिकेतली युक्ती अशी की ए० चं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.४१४, दोनाचं वर्गमूळ, त्यामुळे मधोमध घडी घातली की आकार तोच राहतो फक्त निम्मा होतो. जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्गने १७८६ च्या एका पत्रात हे गुणोत्तर वर्णन केलं होतं, जर्मनीत १९२२ मध्ये त्याचं मानक झालं आणि १९७५ मध्ये आयएसओ २१६ म्हणून जगाचं. ए४ म्हणजे २१० बाय २९७, ए५ म्हणजे १४८ बाय २१०. या अर्ध्या-अर्ध्याच्या गमतीमुळे वजनाचा हिशोब तोंडी होतो, तो पुढे येईल.

समास ठरवू. वर १८ मिमी, खाली २२, शिवणीच्या बाजूला २०, बाहेरच्या बाजूला १६. शिवणीकडे जास्त का, तर पुस्तक उघडल्यावर तिकडचे काही मिलिमीटर वळणात जातात, पान जाड आणि पुस्तक जाड तितके जास्त. मग मजकुराचा चौकोन उरला ११२ बाय १७० मिमी. इथे पहिली गाठ, १७० भागिले ०.३५२८, म्हणजे साधारण ४८२ पॉइंट. ओळींचं अंतर १६ पॉइंट ठेवलं तर ३० ओळी बसतात आणि २ पॉइंट उरतात. हे उरलेले २ पॉइंट तसेच सोडू नका, चौकोनाची उंची ४८० पॉइंट करा, म्हणजे १६९.३ मिमी, आणि उरलेला पाऊण मिलिमीटरही नसलेला तुकडा खालच्या समासात टाका. असं केलं की प्रत्येक पानाची शेवटची ओळ एकाच जागी येते, आणि पातळ कागदावर पाठच्या पानाच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोब्बर मागे बसतात, मधल्या पांढऱ्या जागेत डोकावत नाहीत. मथळे, उपमथळे, अवतरणं यांच्या वरच्या-खालच्या जागाही १६ च्या हिशोबात बसवा, मथळ्याच्या वर २४ आणि खाली ८ दिले तर बेरीज ३२, म्हणजे दोन ओळी, मजकूर परत आपल्या रुळावर येतो. अर्थात मथळ्याची स्वतःची ओळही १६ किंवा ३२ ची धरलेली पाहिजे, नाहीतर सगळं सरकतं.

ओळींच्या अंतराला लेडिंग म्हणतात, शिसं या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून, दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या सरकवायचे म्हणून. तेव्हा २ पॉइंटचं लेडिंग म्हणजे २ पॉइंटची पट्टी, आता सॉफ्टवेअर सगळं मिळून एका ओळीच्या बुडापासून पुढच्या ओळीच्या बुडापर्यंत मोजतं. म्हणून जुन्या माणसाशी बोलताना १२ वर २ आणि आजच्या भाषेत १२/१४ हे एकच. इनडिझाइन स्वतःहून १२० टक्के लेडिंग देतं, १२ ला १४.४, हा आकडा रोमन अक्षरांच्या सवयीतून आलाय आणि आपल्या मजकुराला तो पुरत नाही. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार चढतात आणि खाली उकार, ऋकार, उभी जोडाक्षरं उतरतात. मी १३० ते १४५ टक्क्यांच्या मध्ये सुरुवात करते, १२ पॉइंटला १६ म्हणजे १३३ टक्के, आणि मग परीक्षा घेते. परीक्षा अशी, वरच्या ओळीत ‘लट्टू’ सारखा खाली लोंबणारा शब्द टाका आणि बरोबर त्याच्या खाली पुढच्या ओळीत ‘मूर्तींना’ टाका, ज्यात वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही एकावर एक आहेत. दोघं एकमेकांना टेकले किंवा टेकल्यासारखे वाटले तर एक पॉइंट वाढवा. पाऊण पॉइंटनेही खूप फरक पडतो, ३० ओळींत तो २२ पॉइंट होतो, म्हणजे दर पानाला जवळपास दीड ओळ आणि १६० पानांत सात-आठ पानं, म्हणून हा निर्णय पुस्तकाची पानं मोजायच्या आधी घ्या.

ओळ जितकी लांब तितकं लेडिंगही जास्त लागतं, कारण ओळ संपल्यावर डोळ्याला परत डावीकडे येऊन पुढची ओळ शोधायची असते. आपली ११२ मिमीची ओळ म्हणजे साडेसव्वीस पायका, १२ पॉइंटच्या अक्षराला ती आरामात वाचता येते. तीच ए४ वर एका कॉलममध्ये १७० मिमी केली तर लेडिंग वाढवून पण दमछाक होते, तिथे दोन कॉलम करा.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांसाठी इथेच थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. वर्डचं ‘सिंगल’ अंतर हे फॉन्टच्या फाइलमध्ये लिहिलेल्या वरच्या-खालच्या उंचीवर ठरतं, देवनागरी फॉन्टमध्ये ती उंची जास्त असते, त्यामुळे सिंगलसुद्धा मोकळं दिसतं, आणि मधे एखादा शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये आला की तेवढीच ओळ खाली ढकलली जाते आणि पान कसंतरी दिसायला लागतं. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ करा आणि १६ पॉइंट लिहा, सगळ्या ओळी सारख्या होतात. दुसरं, वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मध्ये धरतं आणि तिचा फॉन्ट व साइज वेगळा ठेवतं, फॉन्टच्या डायलॉगमध्ये तो खालचा वेगळा कप्पा असतो. याचा फायदा घ्या, मजकुरात रोमन शब्द येत असतील आणि ते मराठीपेक्षा मोठे दिसत असतील तर रोमन ११ आणि देवनागरी १२ असं एकदाच स्टाइलमध्ये ठरवून टाका. साइज अर्ध्या पॉइंटच्या पटीत चालतो, ११.५ चालेल. आणि वर्डची फाइल आतून उघडून बघणाऱ्यांनो, तिथे दिसणारा साइजचा आकडा २४ म्हणजे १२ पॉइंट, ते अर्ध्या पॉइंटात लिहितात, आणि समास वगैरे ट्विपमध्ये, म्हणजे पॉइंटचा विसावा भाग, इंचात १४४०.

एम हे माप मला सगळ्यात आवडतं कारण ते अक्षराबरोबर लहान-मोठं होतं. १२ पॉइंटच्या मजकुरात १ एम म्हणजे १२ पॉइंट, ९ पॉइंटच्या तळटीपेत ९ पॉइंट. एन म्हणजे त्याचा अर्धा. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायची असेल तर १ एम घ्या, ओळ लांब असेल तर दीड, आणि तो स्पेसबार दाबून देऊ नका, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये द्या. आकडा आणि एकक यांच्यामध्ये, जसं ‘१६ मिमी’, पातळ जागा द्यायची असते, एमचा पाचवा किंवा सहावा भाग, आणि ती न तुटणारी द्या म्हणजे ओळीच्या शेवटी आकडा एकीकडे आणि मिमी दुसरीकडे असं होत नाही.

अक्षरांमधली जागा, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, ती एमच्या हजाराव्या भागात मोजतात, २० लिहिलं तर १२ पॉइंटला ०.२४ पॉइंट. आणि इथे कळकळीची विनंती आहे, देवनागरीत ती शून्य ठेवा. इंग्रजी मथळे सुटे सुटे छान दिसतात म्हणून मराठी मथळ्याला पण ५०-१०० ट्रॅकिंग देतात आणि शिरोरेषेचे तुकडे तुकडे होतात, शब्द शब्द राहत नाही. मथळा मोकळा हवा असेल तर दोन शब्दांमधली जागा वाढवा किंवा साइज वाढवा. दोन्ही कडा सरळ लावलेल्या मजकुरातही सॉफ्टवेअर ओळ भरायला गुपचूप अक्षरं ताणतं, जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये लेटर स्पेसिंगच्या तिन्ही खान्यांत ० करा, फक्त वर्ड स्पेसिंगला मोकळीक द्या.

वेबसाठी थोडक्यात. वेबपानांची मांडणी ज्यात लिहितात त्या सीएसएसमध्ये १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल म्हणजे ७२ पॉइंट, म्हणून १६ पिक्सेल बरोबर १२ पॉइंट, पण हा इंच पट्टीचा इंच नाही, फोनवर पट्टी लावून मोजायला जाऊ नका. साइज रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत, द्या म्हणजे वाचणाऱ्याने आपल्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं असेल तर त्याचा मान राहतो. एम तिथे एकात एक गुणले जातात, यादीच्या आत यादी आणि दोन्हीला ०.९ एम दिलं की आतली ०.८१ होते. लाइन-हाइट एकक न लावता नुसती १.६ वगैरे लिहा. तिथे ‘क्यू’ नावाचं एकक पण आहे, पाव मिलिमीटर, ते जपानी अक्षरजुळणीतून आलंय, तिकडे अक्षरांचे साइज त्यातच मोजतात, आणि खरं सांगायचं तर मिलिमीटर आणि अक्षर यांची गाठ त्यांनी आपल्यापेक्षा चांगली सोडवलीय.

आता फोटो. इथे डीपीआय, पीपीआय, एलपीआय हे तिन्ही शब्द सगळे सरमिसळ वापरतात. पीपीआय म्हणजे छापल्यावर एका इंचात फोटोचे किती पिक्सेल येतात. एलपीआय म्हणजे छपाईच्या जाळीत एका इंचात ठिपक्यांच्या किती रांगा. डीपीआय म्हणजे यंत्र एका इंचात किती बारीक ठिणग्या टाकू शकतं. छपाईत करडा रंग नसतो, काळी शाई लहान-मोठ्या ठिपक्यांत टाकून करड्याचा भास केलेला असतो, आणि जाळीचा एक ठिपका यंत्राच्या अनेक ठिणग्यांनी बनतो. २४०० डीपीआयची प्लेट आणि १५० एलपीआयची जाळी असेल तर एका ठिपक्याच्या वाट्याला १६ बाय १६ ठिणग्या, म्हणजे पांढरा सोडून २५६ छटा. तेच ऑफिसच्या ६०० डीपीआय प्रिंटरवर १५० ची जाळी धरली तर ४ बाय ४, पांढरा धरून १७ छटा, म्हणून तिथे आकाशाचा उतरता रंग पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो.

फोटोला पीपीआय जाळीच्या दीडपट ते दुप्पट लागतात. वर्तमानपत्राच्या कागदावर ८५ ते १०० ची जाळी, तिथे २०० पीपीआय पुरेसे, आणि चकचकीत आर्ट पेपरवर १५० ते १७५, तिथे ३०० ते ३५०. तो सगळीकडे ऐकू येणारा ३०० चा आकडा इथून येतो, १५० ची दुप्पट. पण नुसतं ‘३०० डीपीआय फोटो पाठवा’ या वाक्याला काही अर्थ नाही जोपर्यंत किती मोठा छापायचा ते सांगत नाही. फोटोला स्वतःचे इंच नसतात, त्याच्याकडे फक्त पिक्सेल असतात. हिशोब असा करा, छापायची रुंदी मिलिमीटरमध्ये, भागिले २५.४, गुणिले ३००. आपल्या ११२ मिमी रुंदीला १३२३ पिक्सेल. फोटो १२०० पिक्सेलचा असेल तर ३०० ने तो ४ इंच म्हणजे १०१ मिमीपर्यंतच जातो, जरा लहान छापा किंवा २७२ पीपीआयला राजी व्हा, त्याने काही बिघडत नाही. पण ६०० पिक्सेलचा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलून ३०० करून पाठवू नका, पिक्सेल वाढवले म्हणून माहिती वाढत नाही. मूळ फाइल मागा. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो छोटा होऊन येतो, तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, एवढ्यानेच निम्मे फोटो सुधारतात. रेखाचित्रं, सही, शिक्के यांसारख्या नुसत्या काळ्या-पांढऱ्या गोष्टींना जाळी लागत नाही आणि तिथे कडा उघड्या पडतात, म्हणून ते १२०० पीपीआयला स्कॅन करा, नाहीतर सरळ व्हेक्टर करा, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांनी आखून घ्या.

रेघांची जाडी पॉइंटमध्ये असते, तक्त्याच्या रेघा पाव पॉइंटच्या खाली नेऊ नका, पाव पॉइंट म्हणजे ०.०९ मिमी, आणि काळ्या पट्टीवर पांढरी रेघ असेल तर अर्धा ठेवा कारण शाई पसरून ती बुजते. ‘हेअरलाइन’ नावाचा पर्याय दिसला तर टाळा, तो बऱ्याचदा यंत्राच्या एका ठिणगीएवढा असतो, घरच्या प्रिंटरवर छान दिसतो आणि २४०० च्या प्लेटवर ०.०१ मिमीचा होऊन गायब होतो. मी एका वंशावळीच्या तक्त्यात हे केलं होतं, प्रूफवर सगळे फाटे दिसत होते, छापून आलेल्या पानावर नुसती नावं तरंगत होती.

वजन आणि जाडी. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ए० एक चौरस मीटर, त्यातून १६ ए४ निघतात, म्हणून ८० जीएसएमचा एक ए४ बरोबर ५ ग्रॅम, ए५ अडीच ग्रॅम. आपली १६० पानं म्हणजे ८० कागद, २०० ग्रॅम, वर कव्हरचं वजन, टपालाचा अंदाज झाला. पण जीएसएम म्हणजे जाडी नव्हे, जाडी मायक्रॉनमध्ये विचारायची, मिलिमीटरचा हजारावा भाग. ८० जीएसएमचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, फुगीर पुस्तकी कागद त्याच वजनात बराच जाड, आर्ट पेपर त्याच वजनात पातळ. पाठ, म्हणजे पुस्तकाचा कणा, यावरच ठरतो, ८० कागद गुणिले ०.१ मिमी म्हणजे ८ मिमी, अधिक कव्हरच्या दोन्ही बाजू ०.३ प्रमाणे ०.६, एकूण ८.६ मिमी. इथे पानं आणि कागद यांत गल्लत करू नका, १६० ने गुणलं तर कणा दुप्पट होतो आणि कव्हरवरचं नाव पुढच्या बाजूला येऊन बसतं. कणा नक्की करायच्या आधी छापणाऱ्याकडून त्याच कागदाचे मायक्रॉन विचारा किंवा त्याच कागदाचे १०० ताव घट्ट दाबून पट्टीने मोजा. आणि पानांची संख्या १६ च्या पटीत ठेवा, फर्मा म्हणजे एकाच मोठ्या तावावर छापून घडी घातलेली पानं, १६ पानी दहा फर्मे झाले की १६०, १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी अख्खा वेगळा तुकडा लावावा लागतो, त्यापेक्षा लेखकाला तीन पानं कापायला सांगा.

रंग किंवा फोटो पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर तो कडेच्या ३ मिमी बाहेर काढायचा, त्याला ब्लीड म्हणतात, कारण कटिंगचं पातं मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं आणि मग कडेला पांढरी चिरी राहते. ए५ ला चारी बाजूंनी ३ धरले की १५४ बाय २१६, त्या पूर्ण पानाच्या फोटोला १८१९ बाय २५५१ पिक्सेल लागतात. तसंच आतल्या बाजूला पण ५ मिमीपर्यंत कुठलंही महत्त्वाचं अक्षर आणू नका.

पीडीएफ तयार झाली की तिच्या प्रॉपर्टीजमध्ये पानाचा साइज बघा. ब्लीडशिवाय १४८ बाय २१० मिमी, पॉइंटमध्ये दाखवत असेल तर ४१९.५ बाय ५९५.३, ब्लीडसकट ४३६.५ बाय ६१२.३. क्रॉप मार्क, म्हणजे कुठे कापायचं त्याच्या खुणा, लावले असतील तर त्याहून मोठं दिसेल. दुसरं काही दिसलं तर फाइल पाठवू नका, आधी कारण शोधा, बहुतेक वेळा ए४ वर मध्ये ए५ ठेवून एक्सपोर्ट केलेलं असतं.

आणि छापखान्यातून प्रूफ आलं की पुन्हा तीच पट्टी काढा. शिरोरेषेवर शून्य, खाली दहावी ओळ, १६० पॉइंट म्हणजे ५६.४ मिमी यायला हवं. ५४.८ आलं तर लेडिंग बिघडलेलं नाहीये, कुणीतरी ‘फिट टू पेज’ वर ९७ टक्क्यांनी छापलंय, तेव्हा प्रूफवर अक्षर बारीक वाटतंय म्हणून फाइलमधला साइज वाढवायला बसू नका, १०० टक्क्यांचं नवीन प्रूफ मागवा आणि त्याच्यावर मोजा.